साहेबांची कवळी

प्रिय भिंगरी,

तुझी आई सुखरूप पोचली असेल असं धरून लिहितो. तिच्या गालात कापसाचा बोळा मीच बसवून दिला आहे. तो आधी काढायला सांग, नाहीतर नाका ओलांडल्यावरही ती तसाच ठेवून बोबडं बोलत बसेल. हे पाकीट तिनं कुठे लपवून आणलं ते मी विचारलेलं नाही, तूही विचारू नकोस. तिनं ते उघडलेलं नसणार. ती तुला साहेबांच्या येण्याचा दिवस सांगेल. तिनं सांगितलेला दिवस बरोबर आहे. पण तेवढं ऐकून लगेच उठून तुझ्या माणसांकडे जाऊ नकोस. आधी हे शेवटपर्यंत वाच. मला लिहायची सवय नाही. दवाखान्यात साच्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो, तेवढंच माझं लिहिणं. पण समोर बसून बोलायचं झालं की तू आणि तुझी आई मला दोन वाक्यांत गप्प करता, म्हणून कागद घेतला. वाटेत कुणाच्या हाती पडलंच, तर यात कुणाचं नाव नाही, एवढी काळजी घेतो आहे.

घरचं सांगतो. तोफेनं पाडलेली पाण्याची टाकी पुन्हा बांधलेली नाही. पाणी टँकरनं येतं, खालच्या चौकात. ती पडली त्या दिवशी रांगेत तुझ्या दादाकडे दोन कॅन होते, त्यातला एकच परत आला, आणि तुझी आई तोच वापरते. त्याच्या बुडाला पोचा आहे, त्यामुळे तो सरळ उभा राहत नाही, भिंतीला टेकवून ठेवावा लागतो. मी नवा आणतो म्हटलं, तर ती कॅन उचलून आत घेऊन गेली. टेलिफोन ऑफिसातली त्याची माणसं येऊन गेली. त्याच्यासारखा सरसर खांबावर चढणारा दुसरा नाही म्हणाले, आणि मग चहा पिता पिता कुठल्याशा वाकलेल्या खांबावरून आपसात वाद घालू लागले. मला त्यांचा राग आला नाही. उलट बरं वाटलं, कारण तोही असता तर असाच वाद घालत बसला असता. तुझी आत्यापण आली होती. तुमच्या लहानपणी तिला साखरेच्या डब्यात कवळी सापडली होती, तो किस्सा तिनं पुन्हा सांगितला. ती कवळी डब्यात ठेवायची कल्पना तुझी होती, आणि मार मात्र दादानं खाल्ला, हे तिला अजून माहीत नाही. मी सांगितलं नाही. ती हसता हसता रडायला लागली, आणि तुझी आई उठून तिच्यासाठी पाणी आणायला गेली ती बराच वेळ आलीच नाही.

मी दुसऱ्या आठवड्यापासून कामावर जाऊ लागलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, घरी बसून काय करणार, इथे निदान लोकांच्या जबड्यांकडे बघत बसाल. त्यांचं बोलणं असंच, तुला माहीत आहे. मागच्या खोलीत माझं टेबल, मेणाचा दिवा, घासायची मोटर, कपाटात प्लास्टरचे जबडे, सगळं होतं तसंच आहे. दाराशी तो लाकडी खोकापण आहे, ज्यात येणाऱ्यानं बंदूक ठेवायची. लढाई सुरू झाली तेव्हा बाई एकदा नदीपलीकडे जाऊन तुमच्या लोकांशी आणि एकदा टेकडीवर जाऊन इकडच्या लोकांशी बोलून आल्या, आणि दोघांकडून एकच गोष्ट कबूल करून घेऊन आल्या, की दवाखान्यात येणाऱ्याला आणि दवाखान्यातून जाणाऱ्याला वाटेत कुणी हात लावायचा नाही. दाढ दुखत असलेला माणूस कुणाच्याच बाजूचा नसतो, तो फक्त दाढेच्या बाजूचा असतो, असं त्या दोन्हीकडे सांगून आल्या, आणि दोन्हीकडचे हसले म्हणे. त्या हसण्यावर तो दवाखाना आजवर चालला आहे. पलीकडून सुजलेले गाल येतात, अलीकडचे शिपाई येतात, एकाच बाकावर बसतात आणि एकमेकांकडे न बघता कण्हतात. तू आलीस तीही त्याच वाटेनं, गालाला फडकं बांधून. आज तुझी आई आली तीही.

इकडच्या फौजेचे टेकडीवरचे साहेब आमच्याकडे का आले, हे तू दवाखान्यात आलीस त्या दिवशी मला विचारलंस, आणि मी नीट उत्तर दिलं नाही. ते आले कारण शहरात दुसरा दातांचा दवाखाना उरलेला नाही. हिरड्यांच्या दुखण्यानं त्यांचे बहुतेक दात हलत होते, बाईंनी ते काढले. मग हिरड्या भरून येईपर्यंत थांबावं लागलं. मधल्या काळात त्यांच्या हुकमानं टाकीवर तोफ डागली गेली. त्यानंतर ते माप द्यायला आले, तेव्हा बाईंनी मला विचारलं, की तुम्हाला हे काम नको असेल तर मी त्यांना नाही म्हणून सांगते. मी म्हटलं, करतो. का म्हटलं, ते मला अजून कळलेलं नाही. कदाचित सवयीनं. माप समोर आलं की मी प्लास्टर कालवायला घेतो, दुसरं काही मला येत नाही. त्यांचा साचा बाकीच्यांच्या साच्यांसारखाच निघाला. खालचा जबडा झिजलेला, डाव्या बाजूला हिरडी पातळ. तो टेबलावर ठेवून मी बराच वेळ बघत बसलो. त्यात मला काही वेगळं दिसेल असं वाटलं होतं.

मग तू आलीस. मोटरच्या आवाजाआडून तू काय काय बोललीस ते मला शब्दशः आठवतं, आणि मी तुला काहीच बोललो नाही हेही आठवतं. तू म्हणालीस, बाबा, समोरचा शिपाई मारला तर कुणी विचारत नाही, तो बिचारा तर हुकमाचा ताबेदार. मग हुकूम देणाऱ्याला मारायचं म्हटलं की तुमचा घसा का कोरडा पडतो? तो टेबलाशी बसतो म्हणून? त्याचे कपडे स्वच्छ असतात म्हणून? तुझा आवाज चढला तशा बाई बाहेरच्या खोलीतून आल्या, हातात मोजे तसेच, आणि तुला म्हणाल्या, मुली, माझ्या खुर्चीकडे येणाऱ्या वाटेवर तू त्याला मारलंस, तर माझ्या खुर्चीतच मारलंस. तू म्हणालीस, तुमची खुर्ची काय देव्हारा आहे? त्या म्हणाल्या, नाही, देव्हाऱ्यात कुणी तोंड उघडत नाही, इथे सगळ्यांनाच उघडावं लागतं. मग त्यांनी ते गिरणीच्या गावाचं सांगितलं, तिथल्या अधिकाऱ्याला मारलं तेव्हा त्याच्या जागी आलेल्यानं गिरणीमागची सगळी आळी रिकामी केली ते. तू म्हणालीस, आळी त्यांनी रिकामी केली, आम्ही नाही, त्यांचं पाप आमच्या माथी का मारता? बाई म्हणाल्या, इथल्या साहेबाच्या जागी त्याचा दुय्यम येईल, आणि तो याच्याहून वाईट आहे. तू म्हणालीस, मग त्यालाही. तेव्हा बाई म्हणाल्या, छान, सगळ्यांची मापं आधीच पाठवून दे, म्हणजे कवळ्या वाया जाणार नाहीत. बाहेर बाकावर शिपाई बसलेला होता, म्हणून त्या मध्येच जाऊन रिकाम्या खुर्चीपाशी पायानं दात कोरायचं मशीन दाबून धरत, आणि तुमचं भांडण त्या घरघरीत बुडून जाई. तो शिपाई घाबरून उठून उभा राहिला होता, हे बाईंनी मला नंतर सांगितलं. त्याला वाटलं, आत कुणाचे तरी हाल चाललेत.

शेवटी तू माझ्याकडे वळलीस. एका दातांच्या खोलीसाठी तुम्ही दादाला विकताय का बाबा, असं विचारलंस. मग फडकं बांधलंस आणि गेलीस. मी तुझ्यामागे दारापर्यंत आलो होतो. तुला ते दिसलं नसेल.

त्यानंतर मेणाच्या कवळीची चाचणी होती. तुला माहीत आहे, तेव्हा दात नुसते मेणात बसवलेले असतात, तोंडात घालून चावा बघायचा, कुठे उंच, कुठे बुटका, आणि तिथल्या तिथे गरम सुरीनं दुरुस्त करायचा. बाई पुढच्या खोलीत एका पोराची दाढ काढण्यात गुंतल्या होत्या, पोर ओरडत होतं, म्हणून साहेब मागे माझ्या खोलीत येऊन बसले. एकटेच. बंदूकवाला दाराबाहेर होता. मी दिव्यावर सुरी तापवली. ते माझ्याकडे बघत होते. दात नसलेल्या तोंडानं म्हणाले, कारागीर, टाकीपाशी तुमचा मुलगा होता असं मला सांगितलं गेलंय. मी म्हटलं, हो. ते म्हणाले, टाकी पाडायची होती, रांग नव्हे. मी म्हटलं, साहेब, रांग टाकीलाच असते. त्यांनी हनुवटीवरून हात फिरवला. मग म्हणाले, हो, ते लक्षात यायला हवं होतं. आणि तोंड उघडून मान मागे टाकली.

तुला हे नीट सांगायचं आहे, म्हणून सावकाश लिहितो. मेणाची कवळी त्यांच्या तोंडात बसवून झाली होती, आणि माझ्या उजव्या हातात तापलेली सुरी होती. डाव्या हातानं मी त्यांचा जबडा धरला होता, अंगठा ओठाआड, बोटं हनुवटीखाली, आणि करंगळीखाली त्यांच्या मानेची शीर उडत होती. त्यांनी डोळे मिटले होते. मी म्हटलं, मिटा. त्यांनी दात मिटले. मी म्हटलं, पुन्हा. त्यांनी पुन्हा मिटले. मी सांगेन ते करत होते. मला त्यांची दया आली असं समजू नकोस. मला दया आली नाही, आणि क्षमाही केली नाही. मला तो माणूस मेलेला हवा आहे. रोज सकाळी, दाढी करताना, मला तो मेलेला हवा असतो. पण त्या खोलीत, सुरी हातात असताना, माझ्याच्यानं ते झालं नाही. भीतीनं नव्हे. बाहेरच्या बंदुकीची मला आठवणसुद्धा झाली नाही. मी उजवीकडची दाढ जरा खाली बसवली, कडेचं मेण सारखं केलं, आणि म्हटलं, झालं साहेब. ते उठून गेले. मी स्टुलावर बसलो. बाई आल्या, त्यांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली, दिवा विझवला, आणि त्या पोराकडे परत गेल्या.

आणि मग तुझा निरोप आला, पलीकडून आलेल्या एका सुजलेल्या गालाच्या बाईकडून. एवढंच, की बाबा, खालच्या कवळीत आतून एक उंचवटा ठेवा. बस. बाकी आम्ही बघू. मी ते ऐकलं आणि मला क्षणभर तुझा अभिमान वाटला, हे लिहायला मला लाज वाटते आहे. लहानपणी माझ्या टेबलाखाली बसून तू काय काय ऐकून ठेवलं होतंस! दुसरं कुणी असतं तर नुसता दिवस विचारला असता. पण नवी कवळी बसवल्यावर माणूस केव्हा परत येईल, हे त्याच्या हिरडीच्या हातात असतं, आणि हिरडी माझ्या हातात, हे तुलाच माहीत. उंचवटा ठेवला की दोन दिवसांत टोचणार, तिसऱ्या दिवशी जेवण बंद, आणि मग निरोप येणार, की अमुक दिवशी येतो. ज्याचं येणं कुणालाच आधी कळत नाही, त्याच्याकडूनच दिवस वदवून घ्यायचा. तू हे गणितासारखं सोडवलं होतंस.

मी ठरवलं होतं की करायचं नाही. तेवढं मी ठरवलं होतं. मग दुपारी तुझी आई माझा डबा घेऊन दवाखान्यात आली. तिलाही निरोप कळला होता, त्या बाईनं आधी तिलाच गाठलं होतं. डॉक्टरबाई तिला समजावू लागल्या, तेच सगळं, त्यानंतर येणारा दुय्यम, बंद होणारा दवाखाना, पलीकडून येणारे लोक. तुझ्या आईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, बाई, तुमचं कुणी गेलंय का? बाई म्हणाल्या, नाही, माझं कुणी नव्हतंच. तुझी आई म्हणाली, मग तुम्ही दात बघा. बाईंना असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या खरंच उठून गेल्या. मग ती माझ्यासमोर बसली, डबा उघडला, पाव मोडून माझ्यासमोर ठेवला, आणि म्हणाली, अहो, मी आजवर तुमच्याकडे काही मागितलंय का? भिंगरी, तिनं खरंच कधी काही मागितलेलं नाही. मी आठवून पाहिलं. मला एकही गोष्ट आठवली नाही.

मी उंचवटा ठेवला. मोहरीएवढा, डाव्या बाजूला, आतून, जिथे हिरडी पातळ आहे. हाताला आपोआप तो घासून टाकावासा वाटत होता. इतक्या वर्षांत मी जाणूनबुजून वाईट काम केलेलं नाही, वाईट काम कसं करायचं तेसुद्धा मला विचार करून करावं लागलं. कवळी बसवायच्या दिवशी बाईंनी ती हातात घेतली आणि नेहमीसारखं आतून बोट फिरवलं. बोट एका जागी थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, हे काय राहिलंय, जा घासून आणा. त्या म्हणाल्या नाहीत. साहेबांच्या तोंडात कवळी बसवली, आरसा दिला, आणि सगळ्यांना सांगतात तेच त्यांनाही सांगितलं, की दोन दिवस सवय करा, टोचलं तर या. साहेबांनी आरशात बघून दात दाखवले. म्हणाले, तरुण झालो. ते गेल्यावर बाई मला म्हणाल्या, मी ते पाहिलंच नाही, असं स्वतःला सांगायचा प्रयत्न करतेय, पण माझं बोट ऐकत नाहीये. एवढंच बोलल्या. मला त्यांनी दोष दिला असता तर बरं झालं असतं.

काल साहेबांचा माणूस आला. खूप टोचतंय, साहेब काही खाऊ शकत नाहीत, शुक्रवारी सकाळी येतो म्हणालेत. म्हणजे सगळं तू म्हणाली होतीस तसंच झालं. मी घरी येऊन तुझ्या आईला शुक्रवार सांगितला. तिनं हात पुसले आणि म्हणाली, मीच जाते, लेकीला बघून तरी येईन. ती आरशासमोर उभी राहून गाल फुगवून बघत होती, सुजलेला गाल कसा दिसेल ते. आम्ही दोघं हसलो. दादा गेल्यानंतर पहिल्यांदाच. मग ती म्हणाली, शुक्रवारी तुम्ही दवाखान्यात आतच बसा हं, खिडकीपाशी जाऊ नका.

ती म्हणाली तेच चित्र, साहेबांचा निरोप ऐकला तेव्हापासूनच, माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी आत बसेन. एप्रन घातलेला असेल, समोर कुणाचा तरी साचा असेल, आणि मी आवाजाची वाट बघत असेन. ज्याला मी सुरी हातात असूनही मारू शकलो नाही, त्याला माझ्या मुलीनं मारल्याचा आवाज. तू विचारलं होतंस ना, हुकूम देणारा टेबलाशी बसतो म्हणून तो वेगळा का? मग टेबलाशी बसून उंचवटा ठेवणारा मी कोण, हे तू मला सांग.

आता हे पत्र लिहिण्याचं कारण. काल साहेबांचा माणूस निरोप देऊन निघाला, तेव्हा मी त्याला थांबवलं. म्हटलं, साहेबांना सांगा, शुक्रवारी मी सकाळीच टेकडीवर येतो. त्यांना माझ्यासमोर नाश्ता करू द्या, टोचणाऱ्या जागेवर मी खाताना बघून निळ्या पेन्सिलीनं खूण करतो, आणि खूण पुसायच्या आत त्यांच्याच गाडीतून आपण दवाखान्यात येऊ, घासायची मोटर इथेच आहे. हे सगळं खोटं आहे. इथल्या खुर्चीत बसवून दोन मिनिटांत होणारं काम ते. तुला हे माहीत आहे, साहेबांना नाही. मी घरी निघायच्या आत त्यांचा होकार आला. तेव्हा शुक्रवारी सकाळी दवाखान्याच्या अलीकडे वखारीच्या वळणावर गाडी हळू होईल, तुम्ही थांबाल तर तिथेच, तेव्हा मागच्या सीटवर साहेब असतील आणि त्यांच्या शेजारी मी असेन. परत जातानाही असेन, नाश्त्यानंतर जेवणही बघावं लागतं असं मी सांगितलं आहे. तू म्हणशील बाबा आडवे आले. हो, आडवा आलो. तोंडानं मला नाही म्हणता आलं नाही, तुलाही नाही आणि तुझ्या आईलाही नाही. ते करणं बरोबर असेल, तर मी गाडीत असतानाही ते बरोबरच असायला हवं, यापलीकडे मला काही वाद घालता येत नाही. गाडी चालवायला एक माणूस असतो. आपण इतकं बोललो, तू, आई, बाई, मी, पण त्या माणसाचं नाव कुणाच्याच तोंडून निघालं नाही. त्याच्या घरून कुणी तुला पत्र लिहिणार नाही, म्हणून त्याचं पत्रही यातच धर. मला मरायची हौस नाही, भिंगरी. दादा गेल्यावर तसं वाटत होतं, आता वाटत नाही. तुझी आई परत येईल तेव्हा मी घरी असावं, तिच्यासाठी पाणी भरून ठेवलेलं असावं, असं मला वाटतं. ती तुझ्यासमोर बसली असेल. तिला हे तू वाचून दाखव, मला तिच्या तोंडावर सांगणं जमलं नसतं. ती चिडेल, मला नावं ठेवेल, ठेवू दे. शुक्रवारला अजून वेळ आहे. काय ते तुम्ही दोघी मिळून ठरवा. मी गाडीतून उतरणार नाही.

तुझाच
बाबा